रिकामा आकडा

१२ सप्टेंबर २००३, शुक्रवार. धामणकोट.

पोचले. अठ्ठावन्नाव्या वर्षी वळकटी काखेत मारून डोंगर चढले आणि वाटेत एकदाच बसले. एस.टी. पायथ्याच्या फाट्यावर सोडते, तिथून पाऊण तासाची चढण. कंडक्टरनं विचारलं की मावशी, वर कुणाकडं, तिथं तर देव बी कट्टाळून खाली यायलाय. मला मावशी म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, असं त्याला सांगितलं आणि उतरले.

गाव मात्र पाहण्यासारखं आहे. बालाघाटाच्या एका सोंडेवर, तटाच्या आत, सगळं काळ्या दगडातलं. यादवांच्या वेळचं म्हणतात. वेशीवर सिंहासारखे दोन शरभ कोरलेले आहेत, एकाचं तोंड फुटलेलं. आत बारव, महादेवाचं ठेंगणं देऊळ आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून दर्गा. तटाच्या भेगाभेगांतून सीताफळी उगवल्या आहेत, फळं अजून कच्ची. गुलाबी तेरडा इतका की पायवाट दिसत नाही. तटावर उभं राहिलं की खाली मन्याडचं खोरं, ज्वारीचे हिरवे तुकडे, आणि ढगांच्या सावल्या सरकताना दिसतात. मोर इथे कोंबड्यांसारखे हिंडतात.

भागवत सरांची कल्पना मला पटली आहे. लातुरात त्यांचे क्लास जोरात चालतात, पण रिपीटर मुलींचं लक्ष उडतं. मैत्रिणी, सिनेमा, एस.टी.डी. बूथ. म्हणून चाळीस मुलींची निवासी बॅच इथं, डोंगरावर, सीईटीपर्यंत. रेक्टर मी. सर तिसरीत माझ्या हाताखाली होते, त्यांना माझी शिस्त ठाऊक आहे. मुली बावीसला येतील. तोवर जागा लावून घ्यायची.

निवृत्तीनंतर घरी बसणं मला जमलं नसतं. घर फार शांत आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार.

जागा म्हणजे जुन्या जहागीरदाराची कचेरी. तीन कमानी, लांब दालन, मागे एक अंधारी खोली, पुढे फरशीचं अंगण. आता ग्यानोबाच्या मालकीची. चुन्यातलं बांधकाम आहे, भूकंपात एक चीरसुद्धा गेली नाही, हे ग्यानोबानं मला तीनदा सांगितलं. मी विषय बदलला.

स्वयंपाकाला खातूनबी आहे. साठीची, काटक, तोंडानं फटकळ. मी डाळीत मीठ कमी आहे म्हणाले, तर म्हणाली की बाई, मीठ बराबर हाय, तुमची जबान पेनशनीत गेली. मला हसू आलं. तिला ते दाखवलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार.

इथली एक रीत नोंदवण्यासारखी आहे. हे लोक माणसं मोजत नाहीत. भाकरी मोजतात, शेरडं मोजतात, पायली मोजताना आपल्याकडल्यासारखंच ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणून सुरुवात करतात. पण माणसाला आकडा लावत नाहीत. पोरं सकाळी खालच्या शाळेला निघाली की वेशीत एक बाई उभी राहते आणि एकेकाचं नाव घेते, प्रत्येकानं ओ द्यायची. संध्याकाळी परत तेच. किती गेली, किती आली, हे कुणी म्हणत नाही. ग्यानोबा म्हणाला की जनगणनेचे गुरुजी आले तेव्हा त्यांना नुसती नावं लिहू दिली आणि बेरीज खाली ओढ्यापलीकडं जाऊन करा म्हणलं. का, ते त्याला माहीत नाही. त्याच्या आज्यालाही माहीत नव्हतं.

मी चौतीस वर्षं हजेरी नंबरानं घेतली. नावानं घेतली की एका वर्गाला सात मिनिटं लागतात, नंबरानं दोन. वर्षाला कित्येक तास वाचतात. ग्यानोबाला हिशोब समजावला. तो हाव हाव करत राहिला.

१५ सप्टेंबर, सोमवार.

दालनात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो का, हे पाहायचं होतं. दुपारी जेवणानंतर टेबलाशी उभी राहिले आणि एक ते चाळीस हजेरी घेतली. रिकाम्या दालनाला. आवाज उत्तम पोचतो.

खातूनबी परात टाकून धावत आली. माझा हातच धरला. म्हणाली की हे काय करून राहिले बाई, सामनं पोरगी न्हाई, नाव न्हाई, आन् आकडा कसा पुकारला. रिकामा आकडा सोडू नये. रिकाम्या आकड्यात कुणी बी येऊन बसतं.

मी तिला सांगितलं की मी बी.ए., बी.एड. आहे. तर म्हणाली की मंग त्यांना तेच सांगा, आल्यावर.

१७ सप्टेंबर, बुधवार.

आज परत घेतली. मुद्दाम. खातूनबी बारवेवर गेली होती.

सोळा म्हणाले, सतरा म्हणाले, आणि ‘हजर’ असं आलं.

बारीक आवाज. वर्गात येतो तसा, थोडा घाईचा. मी अठरा म्हणाले. काही नाही. चाळीसपर्यंत काही नाही.

गावातलं एखादं पोर खिडकीशी आलं असेल. बाहेर जाऊन पाहिलं. अंगणात ऊन, भिंतीवर मोर. पोरं शाळेत होती.

१८ सप्टेंबर, गुरुवार.

संध्याकाळी वेशीत जाऊन पोरांना विचारलं की शाळेत हजेरीला काय म्हणता. सगळ्यांनी एकदम सांगितलं, यस सर. एक जण यस मॅडम म्हणाला आणि बाकीचे त्याच्यावर हसले. ‘हजर’ कुणी म्हणत नाही. एका मुलीनं विचारलं की हजर म्हंजी काय.

बरोबर आहे. ‘हजर’ आता कुणी शिकवत नाही. मी शिकवत होते.

१९ सप्टेंबर.

मी हजेरी घेतली नाही. दुपारी सामानाची यादी उतरवत बसले होते आणि तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत होते, सवयीनं. सतराला खालून आलं. खिडकीतून नव्हे. फरशीखालून.

ग्यानोबाला विचारलं की खाली काय आहे. पेवं, म्हणाला. अंगणात ज्या तीन गोल शिळा चुन्यानं बसवल्यात, त्यांच्याखाली तीन पेवं. जहागीरदाराचं धान्य असायचं. निजामाच्या वक्तापासून उघडली नाहीत. त्यातली हवा वाईट असते, दिवा सोडला तर विझतो. मी म्हणाले की बरं.

२० सप्टेंबर.

झोप नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही, इथं लिहिते.

त्र्याण्णव साली मी औशाकडच्या एका गावात तिसरीच्या वर्गावर होते. एकतीस मुलं. नंबर घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा माझा नियम. भूकंपाच्या आठवड्यात सतरा नंबरनं सोळाच्या आधीच हजर म्हटलं होतं. घाई होती तिला नेहमी. मी तिच्या तळहातावर पट्टी मारली आणि बजावलं की नंबर ऐकल्याशिवाय हजर म्हणशील तर याद राख. ती रडली नाही. हात फ्रॉकला पुसला.

मी तेव्हा शाळेच्या पत्र्याच्या खोलीत राहत होते म्हणून वाचले. तीस तारखेला सकाळी सगळं गाव दगडमातीचा ढीग झालं होतं. पंढरी नावाचा माणूस तीन ढिगांसमोर उभा होता. त्याचं घर, चुलत्याचं घर आणि शेजारच्या चांदपाशाचं घर, भिंती एकमेकींवर पडलेल्या. विसर्जनाची मिरवणूक पाहून पोरगी कुणाच्या घरी झोपली ते त्याला माहीत नव्हतं. खोदायला चार माणसं. कुठला ढीग आधी धरायचा, हा प्रश्न. तो म्हणाला की बाई, तुम्ही हाक मारा, तुमचं ऐकती ती.

मी हाक मारली. पोरांनो, कुणी आहे का, अशी. पुन्हा मारली. उत्तर नाही.

मला तिचं नाव आठवेना. जूनपासून समोर बसलेली मुलगी, आणि नाव आठवेना. नंबर जिभेवर होता. पण बापासमोर, गावासमोर, मेल्या-जित्याच्या त्या घडीला पोरीला आकड्यानं कशी हाक मारायची? लोक काय म्हणतील की बाईला नावसुद्धा ठाऊक नाही? मी गप्प राहिले.

त्यांनी बापाचं घर आधी खोदलं. तिथं ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी चांदपाशाच्या घरातून त्याची अफसाना जिवंत निघाली. नंबर अठरा. तिच्या शेजारी ती होती. तासाभरापूर्वी गेली असावी. अफसाना म्हणाली की सिंधु माझ्यासंगं बोलून राहिली होती. बाईचा आवाज आला तर मी म्हणलं ओ दे. ती म्हणली, बाईनं नंबर घेतला न्हाई अजून.

सिंधु. तेव्हा कळलं नाव.

लोकांनी माझ्याकडं पाहिलं. पोर भ्रमात बोलतेय, असं मी म्हणाले. शिक्षिका म्हणून मी म्हणाले, त्यामुळं सगळ्यांनी मानलं. पंढरीनंही मानलं. मदतकार्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं, ते मी घेतलं.

दहा वर्षं झाली. नंबरानं हजेरी घेणं मी बंद केलं नाही. बंद केलं असतं तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं.

२२ सप्टेंबर, सोमवार.

मुली आल्या. दोन टेम्पो पायथ्याला, तिथून रांगेनं वर. सामान, गाद्या, पुस्तकांचे खोके. काम चांगलं असतं. कामात बरं वाटतं.

सरांनी पाठवलेल्या यादीत नावं नाहीतच. नुसते अनुक्रमांक आणि मागच्या परीक्षेचे गुण. हजेरी त्यावरूनच घ्यायची, निकालही त्यावरूनच.

एकच केलं. आकडे वाटताना सतरा कुणाला दिला नाही. सोळानंतर अठरा, शेवट एकेचाळीस; तशी यादी परतीच्या टेम्पोतून सरांना पाठवली. हजेरीतही गाळते. मुलींना वाटलं, बाई शुभ-अशुभ मानतात. हसल्या. हसू दे.

खातूनबीनं मात्र लगेच ओळखलं. नंतर भांडी घासताना म्हणाली की जागा झाडून, पाट मांडून ठिवला म्हणायचा तुमी.

२५ सप्टेंबर.

तीन दिवस शांत. मी सतरा म्हणत नाही, खालून काही येत नाही. पण शांतता कशी असते ते मी चौतीस वर्षं ऐकलं आहे. रिकाम्या वर्गाची वेगळी आणि नंबराची वाट पाहणाऱ्या पोराची वेगळी.

२६ सप्टेंबर.

आज एक उशिराची मुलगी आली. शिवांगी, उदगीरकडची. वडिलांनी रडत सोडलं, ती हसत होती. धीट दिसते. सरांनी सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं आहे की यादीत सतरा मोकळा आहे, तिथं घातली, गुणपत्रिकाही छापून झाल्या.

मी पायथ्यापर्यंत उतरून फाट्यावरून सरांना फोन लावला. म्हणाले की बाई, तुम्हीच शिकवलंत आम्हाला, गाळलेल्या जागा भरा. स्वतःच्याच विनोदावर हसले. कारण विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? नाही. अपशकुन वगैरे काही नाही, असं म्हणून फोन ठेवला.

२७ सप्टेंबर.

हजेरी. सतरा.

दोन हजर आले.

एक समोरच्या रांगेतून, एक खालून. मुली खिदळल्या. दालन घुमतं, म्हणाल्या. शिवांगी हसली नाही. मान वाकवून फरशीकडं बघत होती.

मी अठरा म्हणाले.

२८ सप्टेंबर.

शिवांगी मागच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसते. मांडी घालून, हाताची घडी. शेजारच्या मुलीनं नावानं हाक मारली, वळली नाही. मी नावानं मारली, वळली नाही. सतरा म्हटल्यावर उठली. हजर, म्हणाली.

मुली तक्रार करतात की ती बोलत नाही. आली तेव्हा तर हसत होती, म्हणाल्या.

खातूनबीनं तिचा हात माझ्यापुढं धरला. उजवा तळहात. आडवा लाल वळ. मी मुलींवर हात उगारलेला नाही. खातूनबीलाही ते ठाऊक आहे. तरी ती माझ्याकडं तसं बघत होती. आणि मी मान खाली घातली, जणू मीच —

२९ सप्टेंबर.

खातूनबी म्हणाली की नावानं बोला तिच्यासंगं, दिवसभर बोला, आई काय करती, बाप काय करतो, इचारा. आकड्यातून बाहेर काढा पोरीला. आन् दुसरी जी कोण हाय, तिचं बी नाव घ्या. नाव ठाऊक हाय ना तुमाला?

ठाऊक आहे, म्हणाले.

मंग अडलं कुठं, म्हणाली.

कुठं अडलं ते इथंच लिहिते. चाळीस मुलींसमोर ते नाव घेतलं की कोण म्हणून विचारतील. उद्या घेईन. उद्या तारीखही तीच —

३० सप्टेंबर. दुपार.

ग्यानोबा पहार आणेपर्यंत लिहिते. अंगणात बसले आहे.

बाराच्या हजेरीला शिवांगी नव्हती. मी — मी सतरा म्हणाले नाही. नाव घेणार होते. ओठांवर आलं, पण सोळावरून अठरावर गेले. गाळला. तेवढ्यात मागच्या खोलीत आवाज झाला. फरशी खचली. ती तिथंच बसली होती. खालची माती सरकून भोक बुजलं. हातानं उपसली, वरून परत येते.

ग्यानोबा म्हणतो, खालून वाट तिन्ही पेवांना जाते. ती एकात असणार. वरून शिळा फोडायची, चुना घट्ट, एकेकीला तासभर. माणसं खाली शेतात. तो एकटा आणि एक पहार. हवा तासभर पुरेल, जास्त नाही. कोणतं पेव, ते कळलं पाहिजे. बाई, तिला बोलती करा, म्हणाला, आणि पहार आणायला गेला.

तेच. तीन ढीग. तेच.

नावानं हाका मारल्या. शिवांगी. शिवांगी. मुलींनी मारल्या, रडत. उत्तर नाही.

मग सांगितलं. सगळ्यांसमोर, शिळेवर तोंड टेकून. सिंधु, मला तुझं नाव ठाऊक नव्हतं. नंबर ठाऊक होता, तो घेतला नाही, लाजले. अफसाना खरं बोलली होती. मी खोटं बोलले. मुली ऐकत होत्या. खातूनबीनं पदर तोंडाला लावला.

काही नाही. खाली नुसती ती वाट पाहण्याची शांतता —

मग तेव्हा राहिलेला नंबर घेतला. दहा वर्षांनी. सतरा.

हजर. पहिल्या शिळेखालून.

हजर. तिसऱ्या शिळेखालून.

पुन्हा घेतला. पुन्हा दोन्हीकडून. बारीक, घाईचे. एकसारखे.

मुलींना विचारलं, शिवांगीचा कोणता. चार दिवसांत तिचा आवाज ऐकला कुणी? एकच शब्द. मलाही तोच. मी तिला दुसरा शब्द बोलायला लावला नाही. एकदाही विचारलं नाही, गाव कसं आहे तुझं, आई काय —

पहिलीला कान लावला. श्वास. तिसरीला लावला. श्वास.

शेवटी विचारलं. ओरडून विचारलं. नाव काय तुझं, बाळ? नाव सांग.

दोन्हीकडून एकदम आलं.

सतरा.

ग्यानोबा आला. पहार हातात. कोणती, म्हणतोय. बाई, येळ न्हाई, कोणती. सगळ्या माझ्याकडं बघतायत. तिसरीखालचा आवाज आता बसत चाललाय, की पहिलीखालचा — मी डावा हात वर केला आहे, बोट दाखवते आहे, ती —